एका दिवसाचं कुलूप

वकीलबाई दहाला येणार होत्या त्या साडेनऊलाच आल्या, त्यामुळे जी भांडणं दहापर्यंत उरकून घ्यायची होती ती तशीच अर्धवट राहिली. सगळ्यांनी घाईघाईने आपापले चेहरे नीट केले. थोरल्याच्या मुलाने बापाच्या पाठीशी आणखी एक उशी सरकवली, वहिनीने चहाचं आधण वाढवलं, आणि मधली, म्हणजे दोन भावांच्या मधली बहीण, खिडकीशी जाऊन परसाकडे बघत राहिली. परसाच्या टोकाला फाटक होतं. धाकटा अजून आला नव्हता.

थोरल्याचे पाय गेल्या हिवाळ्यात गेले. त्याला कोर्टात जाता येईना म्हणून कोर्टाने साक्षी लिहून घ्यायला आपलं माणूस, म्हणजे या वकीलबाई, त्याच्या घरी पाठवलं होतं. पस्तीस वर्षं याच थोरल्याने कोर्टात बसून दुसऱ्यांच्या साक्षी लिहून घेतल्या होत्या. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. थोरला ती रोज चढायचा, आणि रोजची ओळख असल्यामुळे ती पायरी आपल्याला काही करणार नाही असं त्याला वाटायचं.

तंटा सगळा त्या फाटकाचा होता. पंचवीस वर्षांपूर्वी घराची वाटणी झाली तेव्हा रस्त्यावरचं घर थोरल्याला मिळालं आणि मागची सुतारकामाची शेड धाकट्याला, कारण बापाचा रंधा त्यानेच हातात घेतला होता. शेडच्या मागून एक बोळ जात होता खरा, पण तो असा की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला उलटं चालावं लागे. तिथून माणूस जाईल, कपाट जाणार नाही. कपाटं, पलंग, दारांच्या चौकटी सगळं फाटकातून, थोरल्याच्या परसातून रस्त्यावर जायचं. पंचवीस वर्षं गेलं. भावाभावांत लिहून कसलं ठेवायचं, म्हणून कुणी काही लिहिलं नाही.

आता थोरल्याचा मुलगा घर विकायला निघाला होता. त्याला आईबापांना आपल्या गावी न्यायचं होतं, जिथे जिने नाहीत आणि दवाखाना कोपऱ्यावर आहे. पोरगा वाईट नव्हता, आणि अशा तंट्यांत तीच तर अडचण असते. घेणाऱ्याची अट एकच होती, परसातून कुणाचीही वाट असता कामा नये, तिथे भिंत येणार. भिंत आली की धाकट्याने उरलेल्या आयुष्यात स्टुलं करायची, कारण तेवढीच बोळातून बाहेर निघाली असती.

कायदा धाकट्याच्या बाजूचा होता. सलग वीस वर्षं एखादी वाट उघडपणे वापरली की ती वापरणाऱ्याच्या हक्काची होते. पण मधे मालकाने ती एक दिवस जरी अडवली आणि समोरच्याने ते मानलं, की मोजणी पुन्हा एकपासून. आणि थोरल्याकडे कागद होता. सहा वर्षांपूर्वीच्या एका तारखेला फाटक सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत कुलूप लावून बंद होतं, असा. खाली थोरल्याची सही, धाकट्याची सही आणि साक्षीदार म्हणून मधलीची.

कागद खोटा होता. सही करणाऱ्या तिघांना ते माहीत होतं आणि सही न केलेल्या वहिनीला सगळ्यांत जास्त माहीत होतं.

मधलीला तो दिवस लख्ख आठवत होता. दादाने आधी सगळं नीट समजावून सांगितलं होतं. "अरे, रागावू नकोस. माझ्या मनात काही नाही. पण उद्या आपण नसताना पोरं हक्कावरून डोकी फोडतील. एक दिवस कुलूप लावू, कागद करू, आणि दुसऱ्या दिवसापासून तुझं फाटक तुला." धाकटा हसला होता. "दादा, फाटक मी केलंय, कुलूप तरी तुझ्या पैशाचं आण." सगळेच हसले होते. त्या वेळी ती गंमतच वाटली होती.

"वन्सं, चहा नेता का?" वहिनी म्हणाली.

"वहिनी, मला विचारलं तर मी काय सांगू?" मधली हळूच म्हणाली. "इकडे आड तिकडे विहीर झालंय मला."

"आधी ह्यांना विचारणार आहेत."

"दादा शपथेवर खोटं बोलणार नाही. नाही ना बोलणार?"

वहिनीने कप पुसून ट्रेमध्ये ठेवले. "पस्तीस वर्षं दुसऱ्यांना खरं बोलायला लावलंय त्यांनी," ती म्हणाली. "आज एकदा स्वतः बोलतील."

तेवढ्यात फाटक करकरलं. ते एका जागी घासायचं आणि धाकटा दर वर्षी त्याची खालची कड रंध्याने तासायचा, तरी घासायचंच. स्वतःच्या हातचं एवढं एक काम साधलं नाही असं तो म्हणायचा.

परसातून येताना धाकट्याने अंगावरचा भुसा झटकला. बायकोने त्याला निघताना दारात थांबवून सांगितलं होतं. "नेहमीसारखं मान खाली घालून बसू नका. जे झालं ते सांगा. भीड भिकेची बहीण असते." त्याच्या वकिलाने तेच दुसऱ्या शब्दांत सांगितलं होतं. दोन्ही वकिलांनी प्रश्न लिहून पाठवायचे असं ठरलं होतं, आणि त्याच्या वकिलाने त्यात एक प्रश्न मुद्दाम घातला होता. "ती सही तुमच्या नेहमीच्या सहीसारखी नाही. का नाही, एवढं विचारतील. तिथे सगळं सांगून टाका. एवढंच करायचंय तुम्हाला." मग वकिलाने साक्षीदारांची नावं विचारली होती. वहिनीचं नाव धाकट्याच्या जिभेवर आलं होतं. पण ज्या बाईने लग्न होऊन आल्यावर आपल्याला शाळेचा डबा भरून दिला तिला आपल्या नवऱ्याविरुद्ध उभी करायची? "वहिनींना यात ओढू नका," तो म्हणाला होता.

तसंही दादा खरंच सांगणार होता. प्रश्न आपल्यापर्यंत येणारच नाही अशी धाकट्याची खात्री होती.

तो आत आला. पलंगाशेजारी खुर्ची होती, पण तो दाराजवळच्या बाकावर बसला. बाक त्याच्याच हातचा होता.

"पाय कसे आहेत, दादा?"

"आहेत तिथेच आहेत," थोरला म्हणाला. "तुझं काम?"

"एक कपाट निम्मं झालंय."

यापुढे दोघांना बोलायला काही सापडलं नाही. सहा महिन्यांपूर्वी हे दोघे बोलायला बसले की वहिनीला दोनदा चहा करावा लागायचा.

वकीलबाईंनी कागद मांडले, शपथ दिली. थोरल्याने ती बाईंच्या आधीच पुरी केली, कारण ती त्याला पाठ होती. बाई किंचित हसल्या. मग नाव, वय, नोकरी, वाटणीचं वर्ष झालं. थोरला शब्दाशब्दाला थांबत सांगत होता, लिहिणाऱ्याचा हात मागे पडू नये म्हणून. सवय कशी जाणार?

"त्या दिवशी फाटक सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत बंद होतं का?"

"कागदावर लिहिलंय तसं."

वकीलबाईंनी मान वर केली. "कागद मी वाचलाय. तुम्ही सांगा."

थोरल्याने असं उत्तर देणारे शेकडो साक्षीदार पाहिले होते आणि असाच पेन थांबवून त्यांच्याकडे पाहिलं होतं. त्याने मुलाकडे पाहिलं. मुलाला यातलं काही माहीत नव्हतं. वडील म्हणजे सरळ रेघ, असं तो पोरगा मित्रांना सांगायचा. मग थोरल्याने धाकट्याकडे पाहिलं, आणि धाकट्याला वाटलं, आता सांगतोय.

"बंद होतं," थोरला म्हणाला.

दारातल्या वहिनीच्या हातात ट्रे होता. तिने तो तसाच आत नेऊन ठेवला.

धाकट्याची पाळी आली. वकीलबाई वाचत गेल्या आणि तो हो, हो म्हणत गेला. सही माझीच. कागद वाचून दाखवला होता, हो. आपला आवाज त्याला शेडमधून आल्यासारखा लांबचा ऐकू येत होता.

"ही सही तुमच्या इतर सह्यांसारखी नाही. कारण काय?"

"डाव्या हाताची आहे."

"डाव्या का?"

"उजवा बांधलेला होता. सकाळी करवतीवर हात गेला होता." त्याने उजवा हात थोडा वर केला. मधल्या दोन बोटांवर आडवा पांढरा वण होता, आणि ती बोटं अजून पुरती मिटत नसत.

"किती वाजता?"

"दहाच्या सुमाराला."

"दवाखाना कुठे होता?"

"समोर. ह्या घराच्या समोर, रस्त्यापलीकडे."

"मग शेडमधून तुम्ही तिथे कुठल्या वाटेने गेलात?"

वकिलाने दार उघडून ठेवलं होतं, आता नुसतं पाऊल टाकायचं होतं. धाकट्याला सगळं आठवत होतं. तो फाटकाशी आला तेव्हा कुलूप बघून त्याला शिवी आठवली होती, आणि त्याने हाक मारली होती ती दादाला नाही, वहिनीला. वहिनी किल्ली घेऊन धावत आली. "ह्यांनी बजावलंय, सूर्यास्तापर्यंत कुणी मागितली तरी द्यायची नाही," असं ती धापा टाकत म्हणत होती आणि म्हणता म्हणता कुलूप उघडत होती. तिने स्वयंपाकघरातलं फडकं त्याच्या हाताला आवळलं आणि रस्त्यावरची वाहनं हात दाखवून थांबवली. डॉक्टर म्हणाले, अजून पंधरा मिनिटं उशीर झाला असता तर बोटं राहिली नसती. बोळातून वळसा घालून जायला वीस लागत. संध्याकाळी दादा आला, त्याने उघडं फाटक पाहिलं, लाकडावरचं रक्त पाहिलं आणि भावाला मिठी मारून रडला. आणि मग डोळे पुसून म्हणाला, "तारीख टळायच्या आत कागद करून टाकू." धाकट्याने डाव्या हाताने सही केली. दादा रडला होता ना, मग सहीचं काय एवढं.

आता दादा शपथेवर बोलून बसला होता. आपण खरं बोललो की दादा खोटा ठरणार, आणि तोही कोर्टाच्या कागदावर, जिथे त्याचं अक्षर पस्तीस वर्षांचं होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

"कुठल्या वाटेने?" वकीलबाईंनी पुन्हा विचारलं.

"बोळातून," धाकटा म्हणाला.

"हात कापलेला असताना?"

"हो."

"फाटक उघडायला कुणाला सांगितलं नाही?"

"फाटक बंद होतं," धाकटा म्हणाला. "दादाने सांगितलं ना."

मधलीला त्यानंतर फक्त सहीबद्दल विचारलं. सही माझीच, ती म्हणाली. दिवसभर तुम्ही इथे होतात का? संध्याकाळी आले. तेव्हा फाटक कसं होतं? मधलीने एका भावाकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे. दोघेही जमिनीकडे बघत होते. संध्याकाळी ती आली तेव्हा फाटक सताड उघडं होतं आणि वहिनी ओल्या फडक्याने ते पुसत होती. दोन भाऊ एक बोलत असताना बहिणीने तिसरं काय बोलायचं?

"बंद," ती म्हणाली, आणि तिला एकदम इतकं रडू आलं की खोकल्याचं निमित्त करून ती खिडकीकडे वळली.

साक्षी वाचून झाल्या, सह्या झाल्या. धाकट्याने या वेळी उजव्या हाताने केली. वकीलबाईंनी पेनाला टोपण लावलं आणि वहिनी तेव्हा बाहेर आली. ट्रे नव्हता, हात पुसलेले होते.

"मला नाही का विचारायचं?"

"तुमचं नाव यादीत नाही, काकू. दोन्ही बाजूंनी दिलेलं नाही."

"पण कुलूप मी उघडलं होतं."

वकीलबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग धाकट्याच्या हाताकडे. सगळं त्यांच्या लक्षात आलं असावं. वय लहान होतं, पण डोळे होते.

"आई, काय बोलतेस तू?" मुलगा म्हणाला.

"दहाच्या सुमाराला उघडलं. हाताला फडकं मी बांधलं, दवाखान्यात मी नेलं. नंतर दिवसभर ते उघडंच होतं, कारण मला पुन्हा लावायचं सुचलं नाही. पन्नासदा सांगितलं असतं, पण मला कुणी विचारलंच नाही."

"हे मला असं लिहिता येत नाही," वकीलबाई सावकाश म्हणाल्या. "पण तुमची साक्ष घ्यावी असा अर्ज कुणी केला तर येईल. या दोघांपैकी कुणीही करू शकतं." आणि त्या थांबल्या. फाइल बंद करायला एवढा वेळ लागत नाही. त्यांनी तो मुद्दाम लावला.

थोरल्याने डोळे मिटले होते. मुलगा बापाकडे बघत होता. "बाबा, खरं आहे का हे? मी तिकडे शब्द देऊन बसलोय. मला एकदा तरी सांगायचं होतंत." थोरल्याने तोंड भिंतीकडे वळवलं. मग सगळे धाकट्याकडे बघायला लागले. जणू काही फाटकाबरोबर घराची अब्रूही त्यानेच घडवली होती आणि तिची डागडुजी त्याच्याकडेच होती.

"नको," धाकटा म्हणाला. "वहिनी, पुरे. झालं ते झालं."

"भाऊजी, तुमचं कपाट बोळातून जाणार आहे का?"

"नाही जाणार."

"मग?"

"मग मोडून बाहेर काढीन." तो हसायला गेला, पण ते काही जमलं नाही.

वकीलबाई गेल्या. मुलगा त्यांना सोडायला म्हणून बाहेर गेला आणि लवकर परत आला नाही. मधलीने न प्यायलेले कप गोळा केले.

पलंगावर थोरला भिंतीकडे तोंड करून पडला होता. पस्तीस वर्षांत तो एक गोष्ट पक्की शिकला होता, की दोन साक्षी एकमेकींविरुद्ध गेल्या की खरं त्यांच्या फटीतून बाहेर पडतं. त्याच्यावरच त्याने भिस्त ठेवली होती. मी कागदाच्या बाजूने बोलेन, धाकटा आपल्या हाताच्या बाजूने बोलेल, वण आहे, डावी सही आहे, न्यायाधीश आंधळा नाही. धाकटा जिंकेल, मुलाला मी काय करू म्हणता येईल, आणि खोटा कागद केला हे आपल्या तोंडून तरी जाणार नाही. भावाने आपल्याला खोटं पाडावं एवढीच त्याची इच्छा होती. तेवढंही त्याने भावावरच सोपवलं होतं. आणि हा वेडा आयुष्यात कधी आपल्याविरुद्ध बोलला नाही, तो आजच बोलेल असं आपल्याला का वाटलं, याचं उत्तर थोरल्याला भिंतीवर सापडत नव्हतं.

"येतो, दादा," धाकटा म्हणाला.

थोरल्याला त्याला थांबवायचं होतं. "जेवून जा," एवढंच त्याला सुचलं.

"काम पडलंय."

वहिनी आधीच परसात गेली होती. फाटक ओढून, घासत, तिने ते पूर्ण उघडून धरलं होतं, नेहमी धरायची तसं. धाकटा परसाच्या दारापर्यंत आला. पायरीवर त्याच्या चपला होत्या. त्या त्याने हातात उचलल्या, मागे वळला, आणि बैठकीतून, भावाच्या पलंगाशेजारून चालत रस्त्याच्या दाराकडे गेला.

"भाऊजी," वहिनीने हाक मारली. "फाटक उघडं आहे."

"माहीत आहे, वहिनी."

"मग इकडून जा ना."

"कसं जाऊ? आत्ताच शपथेवर सांगितलं ना." त्याने चपला रस्त्यावर टाकून पायांत सरकवल्या. "फिरून जातो. वीस मिनिटांचं तर आहे."

थोरला कान लावून पडला होता. पंचवीस वर्षं भाऊ गेला की फाटक एकदा करकरायचं, आणि ते ऐकलं की तो दिवा मालवायला किंवा वर्तमानपत्र उचलायला मोकळा व्हायचा. आज ते वाजलं नाही. रस्त्याचं दार मात्र हळूच लागलं.

"गेला?" त्याने विचारलं.

"गेला. पुढच्या दाराने," मधली म्हणाली, आणि कप तिथेच ठेवून स्वयंपाकघरात निघून गेली.

वहिनी परसातून आत आली आणि पलंगाशी उभी राहिली. थोरल्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

"फाटक लावून घे," तो म्हणाला. "कुणी शिरेल."

"तुम्ही लावा."

"अगं, मला उठता येतं का?"

"मग राहू दे उघडं," वहिनी म्हणाली. "एकदा मी उघडलं तर ते कुणी लिहून घेतलं नाही. आता लावणार नाही."

ती खुर्ची ओढून परसाच्या दारात बसली. पलीकडे शेड रिकामी होती, निम्मं कपाट दारातून दिसत होतं. वीस मिनिटं झाली, मग धाकटा बोळाच्या बाजूने शेडमध्ये शिरताना दिसला. त्याने फाटकाकडे पाहिलं नाही. थोड्या वेळाने रंधा चालायला लागला, आणि पलंगावरून थोरल्याने विचारलं, "पोचला का गं?"